मिरगापासून मिरगापर्यंत: कोकणातल्या आठवडा बाजारात नव्याने जाणाऱ्यांसाठी

सावंतवाडीत राहायला आल्यावर पहिल्याच मंगळवारी मी मोठ्या उत्साहात बाजाराला गेले आणि दोन पिशव्या भरून परत आले. टोमॅटो, फ्लॉवर, ढोबळी मिरची, कोथिंबिरीची भलीमोठी जुडी. शेजारच्या काकींनी कुंपणावरूनच पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या सगळा बेळगावचा गो. हयचा काय आणलंस?"

हयचं म्हणजे इथलं. त्यातलं माझ्याकडे काहीच नव्हतं. मी सोलापूरकडची. आमच्या बाजारात ढीग जितका मोठा तितका माल ताजा, हे डोक्यात पक्कं बसलेलं. इथे उलटं निघालं. कोकणातल्या आठवडा बाजारात खरं तर दोन बाजार एकाच जागी भरतात. एक व्यापाऱ्यांचा: बेळगाव, कोल्हापूरहून रात्री टेम्पो येतात, त्यातले कांदे-बटाटे, कोबी, टोमॅटो बाराही महिने सारखेच दिसतात. दुसरा बाजार कडेकडेने बसतो. गोणपाट किंवा केळीचं पान अंथरून एखादी आजी पाच जुड्या, चार काकड्या आणि एक फणस मांडून बसलेली असते. तिच्यापुढचा माल दर पंधरा दिवसांनी बदलतो, आणि ऋतू बघायचा तर तिथेच. हा लेख त्या दुसऱ्या बाजाराबद्दल आहे. पहिल्यात कुणाच्या मार्गदर्शनाची गरज पडत नाही.

आधी वार, मग वेळ

बाजाराला गावागणिक वार ठरलेला. सावंतवाडीचा मंगळवार, कुडाळचा बुधवार, मालवणचा सोमवार. सीमेपलीकडे गोव्यात म्हापशाचा शुक्रवार, तिथे बांदा-दोडामार्गाकडची बरीच माणसं जातात. तुम्ही दापोलीला असा की पेणला, सगळ्यात आधी शेजाऱ्यांना वार विचारा आणि सणासुदीच्या आठवड्यात पुन्हा एकदा विचारा, कारण मोठा सण त्याच दिवशी आला तर बाजार एखादा दिवस मागेपुढे होतो.

वेळेचं गणित एसटीवर चालतं. खेड्यातल्या बायका पहिल्या गाडीने येतात आणि दुपारच्या गाडीने परततात. आठच्या सुमाराला बाजार सगळ्यात चांगला. साडेअकराला गेलात तर व्यापारी भेटतील, पण आजीचं पान रिकामं झालेलं असेल आणि ती स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेली असेल. काही जण मुद्दाम उशिरा जातात, उरलेलं स्वस्तात मिळतं म्हणून. पालेभाजीच्या बाबतीत मला ते पटत नाही. चार तास उन्हात बसलेली भाजी फुकट दिली तरी महागच.

बरोबर काय न्यायचं? तीन कापडी पिशव्या, माशांसाठी झाकणाचा डबा किंवा वायरची वेगळी पिशवी, आणि सुट्टे पैसे. क्यूआर कोड आता मासळीवालीकडेही असतो, पण डोंगरातून आलेल्या आजीचा फोन बहुधा नातवाकडे घरी असतो आणि पाचशेची नोट दिली की तिला अर्धा बाजार फिरून मोड आणावी लागते. पावसाळ्यात चामड्याच्या चपला घालू नका. एवढं पुरे.

यादी मात्र घरीच ठेवा. यादी घेऊन गेलात तर पावलं आपोआप व्यापाऱ्याकडे वळतात, कारण यादीत तुम्ही वर्षभर मिळणाऱ्या भाज्याच लिहिलेल्या असतात. कांदा-लसूण-बटाटा दुकानातून आणा आणि बाजारात जे दिसेल त्यावरून आठवड्याचा स्वयंपाक ठरवा. मला हे अंगवळणी पडायला वर्ष लागलं.

रिकाम्या हाताने एक फेरी

पोचल्यावर लगेच खरेदी करायची नाही. एक पूर्ण फेरी मारायची, कडेच्या बायकांवर नजर ठेवून. चार-पाच जणींकडे एकच भाजी दिसली की समजायचं, तिचा हंगाम आता भरात आहे, आज भाव उतरलेला असणार. एकीकडेच दिसली तर ती हंगामातली पहिली किंवा शेवटची.

"गावठी" हा शब्द सगळेच वापरतात, त्यावर जाऊ नका. गावठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काकड्या एका मापाच्या, एका रंगाच्या आणि पन्नास असतील तर त्या कुठल्या परसातल्या नव्हेत. परसातल्या काकड्या लहानमोठ्या, एखादी वाकडी, एखादीवर मातीचा डाग. जुडी रबराने बांधली आहे की केळीच्या सोपटाने, हेही बघा. आणि सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे भाजी कशी करायची ते विचारणं. व्यापारी म्हणेल, "कशीपण करा." जिने ती स्वतःच्या अंगणात खुडली आहे ती खोबरं कधी घालायचं इथपासून सांगेल, आणि बहुतेक वेळा तुमच्या सासूला ती करता येते का, हेही विचारेल.

हाक कशी मारायची हा प्रश्न नवख्यांना पडतो. मावशी, काकी, आजी काहीही चालतं. "ओ भाजीवाल्या" म्हणू नका. त्या तुम्हाला पहिल्या दिवशी "ताई" किंवा "बाय" म्हणतील. तिसऱ्या-चौथ्या खेपेला एकेरीवर येऊन "काय गो, गेल्या मंगळवारी खय होतंस?" असं विचारलं की समजा, तुमची ओळख झाली. त्या दिवसापासून चांगली जुडी तुमच्यासाठी पिशवीखाली झाकून ठेवलेली असते.

वाटा, शेकडा, वर्ताळा

किलोचा काटा सगळीकडे नसतो. लहान मासळी, कोलंबी, तिसऱ्या (म्हणजे शिंपल्या) वाट्याने विकतात. वाटा म्हणजे समोर लावलेला छोटा ढीग, त्याचा भाव ठरलेला. ओले काजूगर, सुपाऱ्या, घाऊक नारळ शेकड्याने. आंबा डझनाने. जुन्या बायका कुळीथ-चवळी अजून शेराने किंवा पायलीने मोजून देतात. चार शेरांची एक पायली, एवढं ध्यानात असलं की फसगत होत नाही. वाटा घेताना वरची मासळी मोठी आणि खालची बारीक असं नाही ना, ते बघायला हात लावलात तर कुणी रागवत नाही. पालेभाजीला मात्र दहा वेळा हात लावलात तर रागवतात, आणि ते बरोबरच आहे.

घासाघीस व्यापाऱ्याशी करा, तो त्याच हिशेबाने भाव सांगतो. दहा जुड्या घेऊन पंधरा-वीस किलोमीटरवरून एसटीने आलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालू नये असं माझं मत आहे. शिवाय त्याने हाती काही लागतही नाही. त्यापेक्षा सांगितलेला भाव द्या आणि वर्ताळा मागा. वर्ताळा म्हणजे मापावर वर घातलेलं: शेकडा काजूगरावर चार, जुडीबरोबर दोन मिरच्या, वाट्यावर मूठभर कोलंबी. भाव कमी करताना तोंड वाकडं होणारी बाई वर्ताळा हसत घालते.

पाऊस लागला की

मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागतं. इथे त्याला मिरग म्हणतात आणि त्या दिवसांत बाजारात पाय बांधलेल्या गावठी कोंबड्यांची रांग असते, कारण मिरगाला कोंबडं करायची घराघरांत पद्धत आहे. कोंबड्याचा भाव त्या आठवड्यात विचारायची सोय नसते. नवख्याने दोन आठवडे थांबावं.

पहिल्या चांगल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत टाकळा येतो. तळहाताएवढ्या जुड्या, पानं गोलसर, मेथीची आठवण यावी अशी. तो कोवळा असतानाच खायचा. श्रावण लागेपर्यंत पानं जून होतात आणि वास उग्र येतो. कांदा, लसूण, सुकी मिरची, वरून ओलं खोबरं, आणि उन्हाळ्यात सुकवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या असतील तर त्या उकडून घाला. पाठोपाठ कुरडू, फोडशी, भारंगी, मग फागलं. फागलं म्हणजे मुंबई-पुण्याकडची कंटोली. फोडशीच्या पातींच्या बेचक्यात माती बसलेली असते, ती तीन पाण्यांत धुवा. भारंगी कडू, म्हणून उकळून पाणी पिळून टाकायची. उत्तर कोकणात, पालघर-रायगडच्या बाजूला, पावसाच्या तोंडावर शेवळं येतात. तिथे शेवळांबरोबर काकडं नावाची आंबट फळंही विकायला ठेवलेली दिसतील. ती सोडून नुसती शेवळं घेतलीत तर घसा खाजेल.

ह्या खाजेचा अनुभव मी घेतला आहे. पहिल्या जुलैत मी तेऱ्याची जुडी आणली. तेरं म्हणजे रानात आपोआप उगवणारा अळू. आमच्याकडच्या अळूसारखी पातळ भाजी केली, आंबट घालायचं राहिलं. दुसऱ्या घासाला नवऱ्याने पाण्याचा तांब्या उचलला, चौथ्या घासाला मुलगी रडायला लागली. कुंपणापलीकडून प्रश्न आला, "आमसुलां घातलंस नाय?" अळू, तेरं, शेवळं या सगळ्यांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच टोचतात. चिरताना हाताला खोबरेल लावा, भाजी भरपूर शिजवा आणि आमसूल किंवा चिंच सढळ हाताने घाला.

जुलैतलाच एक मंगळवार मला स्पष्ट आठवतो. पाऊस तिरपा लागत होता. बाजाराच्या टोकाला एक म्हातारी डोक्यावरून निळं प्लास्टिक घेऊन उकिडवी बसली होती. पुढ्यात काहीच दिसेना. मी ओलांडून जाणार तेवढ्यात तिने मांडीखालून सागाच्या पानाचा पुडा काढला, दोऱ्यासारखं सोपट सोडलं आणि बोटाच्या टोकाने पान जरा उघडलं. आत अळंबी. टोप्या अजून न उमललेल्या, करड्या, देठांना तांबडी माती तशीच चिकटलेली. मी हात पुढे केला तर तिने पान मिटलं. "हात लाव नको. सकाळी काढलंय. दुपारच्या आत कर, नायतर पाणी सुटतला." मग थांबून म्हणाली, "पुढच्या मंगळवारी गावाची नाय." मी भाव न विचारता घेतली. पुढच्या मंगळवारी खरंच नव्हती, आणि म्हातारीही नव्हती.

ही अळंबी वारुळाच्या जागी उगवते आणि दरवर्षी तीच जागा धरते. जागा ज्यांना ठाऊक त्या घराबाहेर कुणाला सांगत नाहीत. नवख्याने दोन नियम पाळावेत. रानात जाऊन स्वतः अळंबी तोडू नये. आणि घ्यायची तर वर्षानुवर्षं विकणाऱ्या बाईकडूनच, शेजाऱ्याला दाखवून. विषारी अळंबी चांदीच्या चमच्याने किंवा लसणीने ओळखता येते असं जे सांगतात त्यात तथ्य नाही.

मासळीचं म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. मासे विणीला येतात आणि समुद्रही खवळलेला. त्या दोन महिन्यांत समोर चकचकीत सुरमई दिसली तर ती बर्फातून किती दिवस प्रवास करून आली आहे, हा प्रश्न स्वतःला विचारा. त्या काळात खाडीचे आणि नदीचे मासे, कुर्ल्या म्हणजे खेकडे, आणि सुकं म्हणजे सुकी मासळी, यांवर भागवायचं. कुर्ली घेताना हातात तोलून बघा, आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. अमावस्येच्या सुमाराची भरलेली आणि पुनवेची पोकळ, असं कोळणी सांगतात आणि बहुतेक गिऱ्हाइकं त्याच हिशेबाने घेतात.

गणपतीच्या आधीचा बाजार

वर्षातला एकच बाजार बघायचा असेल तर हा बघा. चाकरमानी आलेले असतात, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि बाजारात निम्म्या वस्तू खायच्या नसतात. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-फुलं-पाला बांधतात, ती माटवी. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. त्यासाठी कवंडळं, कांगण्या, हरणं, शेरवड, सुपारीचं शिपटं, नारळाची पेंड म्हणजे घड, आंब्याचे टाळ विकायला येतात. गौरीसाठी तेरड्याचे भारे. कवंडळ लालभडक, गोल, इतकं देखणं असतं की लहान मुलं हात घालतात. ते खायचं नसतं, फक्त टांगायचं. मुलं बरोबर असतील तर आधीच सांगून ठेवा.

माटवी तुम्हाला बांधायची नसली तरी चिबूड आणि तवसं याच दिवसांत चांगली मिळतात. चिबूड पिकला की आपणच तडकतो आणि वास दहा पावलांवर येतो. तडकलेला म्हणून नाकारू नका, तोच घ्यायचा आणि त्याच दिवशी गूळ-खोबऱ्याबरोबर खायचा. तवसं म्हणजे हातभर लांब, जाड सालीची काकडी. किसून, गूळ आणि तांदळाचा रवा घालून तिचं धोंडस करतात. साल पिवळसर झालेलं तवसं धोंडसाला चांगलं, हिरवं कोशिंबिरीला.

भाव मात्र चतुर्थीच्या आदल्या दिवशी आभाळाला टेकतात. शक्य असेल तर आधीच्या आठवड्याच्या बाजारातच नारळ घेऊन टाका. असोला, म्हणजे सोडणासकट, घेतलात तर महिनोन्‌महिने टिकतो.

कापणीनंतर आणि थंडीत

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरतात आणि ऑक्टोबरपासून बांगडा, तारली, सौंदाळे यांचे ढीग लागतात. किनाऱ्यावर रापण, म्हणजे माणसांनी ओढायचं मोठं जाळं, ओढली जाते तिथली मासळी सकाळी थेट मिळाली तर बाजाराची वाटच बघू नका. ताजेपणाची ओळख सगळीकडे तीच: डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर खड्डा न राहणारं मांस.

दिवाळीच्या आदल्या बाजारात लाल पोहे आणि कारीट. कारीट हे लिंबाएवढं कडूजार फळ, नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीसमोर अंगठ्याने फोडण्यासाठी. मी पहिल्या वर्षी ते छोटं कलिंगड समजून पाव किलो मागितलं होतं. बाईने पाच कारीटं दिली, पैसे घेतले नाहीत आणि शेजारणीला बोलावून मला दाखवलं.

नवा तांदूळ कापणीनंतर येतो. लाल तांदूळ घेताना नवा की जुना हे विचारून घ्या. नवा चिकट होतो, त्याला पाणी कमी लागतं, पेजेला आणि आंबोळ्यांना उत्तम. रोजच्या भाताला जुना बरा. वालय हा इथला पेजेचा नावाजलेला तांदूळ, दिसला तर सोडू नका. उकडा तांदूळ पहिल्यांदा खाणाऱ्याला जाडाभरडा वाटतो. माशाच्या कढीबरोबर तीन वेळा खाऊन बघा, मग ठरवा.

डिसेंबर-जानेवारीत भात निघालेल्या ओलसर जमिनीत केलेली भाजी येते. तांबडी भाजी, मुळा, मिरच्या, चवळी. लाल माठाला इथे नुसतं तांबडी भाजी म्हणतात. जमिनीखालचंही याच दिवसांत: कणगी, करांदे, रताळी. कणगी नुसती मीठ घालून उकडली की झालं. करांदे कडवट असतात, त्यांच्या वाट्याला एकदा आवडीने जाणारा पुन्हा पुन्हा जातो आणि न आवडणारा कायमचा दूर होतो. मी दुसऱ्यांतली. कुळीथ फेब्रुवारीच्या आगेमागे. अख्खा घेऊन भाजून दळून आणलात तर पिठीला जो वास येतो तो तयार पाकिटाला येत नाही. फक्त निवडून घ्या, खडे असतातच.

रायगडात असाल तर थंडीत वालाच्या शेंगा पोत्याने दिसतील. शेंगा आणि भांबुर्डीचा पाला मडक्यात भरून, पाण्याचा थेंब न घालता जाळावर ठेवतात, ती पोपटी. शेंगवालीकडेच पाला मिळतो. अलिबागचा पांढरा कांदा थोडा नंतर, उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो, वेणीसारख्या माळा करून विकतात. त्याला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे महामार्गावरचा प्रत्येक पांढरा कांदा आता अलिबागचा झाला आहे. तिखटपणा जवळजवळ नाही आणि किंचित गोड, ही ओळख.

काजू, आंबा, कोकम

फेब्रुवारीअखेर ओले काजूगर येतात आणि नवखा माणूस भाव ऐकून मागे सरतो. शंभर गरांमागे किती वेळ जातो ते बघा म्हणजे भाव पटेल: बी कापायची, चीक उडतो, हात काळे पडतात, कातडी सोलवटते. विकणाऱ्या बाईच्या बोटांकडे एकदा नजर टाका. घरी आणल्यावर गर गरम पाण्यात घालून ठेवा, वरची साल सुटते. सोलण्याआधी हाताला खोबरेल. पहिल्या खेपेला उसळ करा, मसाला बेताचा. पन्नास घेतलेत तरी दोघांना पुरतात.

याच सुमाराला कुयरी येते. कुयरी म्हणजे कोवळा फणस, भाजीचा. पिकल्या फणसाची मे महिन्यात दोन घराणी: कापा आणि बरका. काप्याचे गरे कडक, बरक्याचे लिबलिबीत, रसाळ. सांदणं बरक्याची होतात. फणस फोडायची सवय नसेल तर अख्खा घेऊ नका. सोललेले गरे विकणारी बाई पाच दुकानं सोडून बसलेली असते.

आंब्यावर सगळेच लिहितात, मी कामापुरतंच लिहिते. हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ मध्ये, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या नावाने. मार्चमध्ये एकसारखा पिवळाधमक, वास नसलेला आंबा दिसला तर पुढे चला. मी पहिल्या वर्षी रस्त्याकडेच्या स्टॉलवरून असाच एक डझन घेतला होता, वरून सोनं आणि आत पांढुरका, आंबट. कार्बाइडने पिकवायला कायद्याने बंदी आहे, पण वासावरून पारखायचं काम शेवटी आपल्याच नाकाचं. माझा सल्ला असा: तयार आंबा घेऊच नका. एप्रिलच्या मध्यानंतर भरलेला, देठाशी खांदे वर आलेला कच्चा आंबा बागवाल्याकडून घ्या आणि घरी भाताच्या पेंढ्यात आढी घाला. आठ-दहा दिवसांत घरभर वास सुटतो. साका, म्हणजे आतला पांढरट स्पंजासारखा भाग, बाहेरून ओळखता येत नाही. तो झाडावर उन्हाच्या आणि तापल्या जमिनीच्या झळांनी होतो, विकणाऱ्याची त्यात लबाडी नसते. नेहमीचा माणूस असेल तर साक्याच्या बदली आंबा देतो.

हापूसच्या नादात रायवळ विसरू नका. झाडागणिक चव वेगळी, चोखून खायचे, टोपलीने मिळतात. सासव, म्हणजे मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातली आंब्याची भाजी, करायला रायवळच हवेत.

कोकमाचं फळ, रातांबा, एप्रिल-मेमध्ये. आमसूल घेताना काळसर तांबडं, मऊ आणि किंचित चिकट असं बघा. हातात घेतल्यावर ओलं, मिठाने पाणावलेलं लागलं तर तुम्ही मिठाचे पैसे मोजताय. आणि आगळ व सरबत यांतला फरक लक्षात ठेवा. आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घातलेला रस, सोलकढीसाठी. साखरेचं असतं ते सरबताचं. दोन्ही बाटल्या एकाच रंगाच्या, एकीशेजारी एक. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांना मी थंड पाण्यात आगळ ढवळून पेलाभर दिलं होतं. त्यांनी सौजन्याने अर्धा पेला संपवला.

आगोट

मेच्या शेवटच्या बाजारांत सगळं गाव आगोट भरतं. पावसाच्या चार महिन्यांची बेगमी, ती आगोट. गोव्यात पुरुमेत म्हणतात. सुकी मिरची, मसाल्याचं सामान, आमसूल, चिंच, आठळ्या, पापड-सांडगे, आणि सुकी मासळी: जवळा, सोडे, बोंबील, सुके बांगडे. हिराच्या केरसुण्या, सुपं, ताडपत्र्याही याच दिवसांत.

सुकं घेताना पारख अशी. मूठभर हातात घेऊन दाबा आणि सोडा. मोकळं झालं पाहिजे, गोळा राहिला तर ओल आहे. वास समुद्राचा असावा, कुजका नको. सोडे फिक्या नारिंगी रंगाचे, पूर्ण सुकलेले असावेत. जवळ्यात रेती असते, चाळून दाखवायला सांगा. घरी आणल्यावर पुन्हा दोन कडक उन्हं द्या आणि पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरा, गरम भरलंत तर वाफ धरते आणि जुलैत बुरशी. बरणी घट्ट झाकणाची, काचेची. जुलैत उघडाल तेव्हा लागेल तेवढंच काढा आणि झाकण लगेच लावा.

आणि सुक्याची पिशवी घेऊन एसटीने परतणार असाल तर मागच्या खिडकीजवळची जागा धरा. कंडक्टर बोलेल, त्याला बोलू द्या. त्याच्या सीटखालीही बहुधा एक पिशवी असते.